मतपत्रिकेवरचा श्री

अहो,

पत्राच्या डोक्यावर श्री नाही, हे तुम्हाला सगळ्यात आधी दिसलं असेल. विसरले नाही मी. मुद्दामच लिहिला नाही. रोजचा खर्च मांडते त्या पानावरही हल्ली लिहीत नाही. वर दोन बोटं जागा सोडते आणि दूध, भाजी, तेल सुरू करते. पूजा काही सोडलेली नाही, तेव्हा देव समजून घेईल. नाही घेतलं तर नाही!

आज लिहायला बसले, कारण काल आपल्या कोपऱ्यावरून सहलीची बस गेली. तीच हो, मतदानाआधीची सहल! त्या वेळी तुम्ही चढला होतात, काल स्वाती चढली. स्वाती म्हणजे आपली सून. तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. मनमाडची आहे, महेशचं लग्न तुमच्या मागे झालं. यंदा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला, आणि ज्या पक्षाने तुमचं तिकीट कापलं तोच पक्ष पेढे घेऊन दारात आला. महेश हो म्हणाला. आता ती नगरसेविका आहे आणि विधान परिषदेचा आमदार निवडायला निघाली आहे.

आठवतं, पहिल्यांदा तुम्ही मला हे समजावलं होतं? मी विचारलं, "आमदार तर आपण सगळे निवडतो ना?" तुम्ही म्हणालात, "अगं, हा वरच्या सभागृहाचा. याला लोक निवडत नाहीत. आम्ही नगरसेवक, झेडपीचे सदस्य, एवढेच निवडतो." मी म्हटलं, "म्हणजे गावजेवणाचा बेत चार आचाऱ्यांनीच ठरवायचा!" किती हसलात! भांडी बाजारात जाऊन सगळ्यांना सांगितलंत. पुढे या हसण्यातलं काहीच उरणार नव्हतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

मग तुम्हाला इगतपुरीकडे कुठल्याशा रिसॉर्टवर नेलं. फोन काढून घेतले. परत आल्यावर तुम्ही मला तिथलं काय सांगावं? "चतुर्थीला खिचडी दिली, पण इथे साबुदाण्यातही काजू घालतात गं, उपासाला शोभत नाही." तिथे बाकीच्यांचं काय शिजत होतं, याकडे तुमचं लक्षच नव्हतं. का नव्हतं हो?

मतदान करून आलात ती संध्याकाळ मला आजही समोर दिसते. पाय धुतलेत, देवाला हात जोडलेत आणि पाटावर बसत म्हणालात, "जांभळं स्केचपेन देतात. आपलं पेन चालत नाही. आधी वर श्री काढला, मग आपल्या माणसासमोर पसंतीचा एक लिहिला. छान झालं." मी म्हटलं, "बरं झालं." यात काही चुकलंय हे तुम्हाला कळलं नाही, आणि मला कुठून कळणार?

सहलीत नमुन्याच्या कागदावर रोज सराव करून घेतला होता. नुसता एक आकडा, बाकी रेघ नको, टिंब नको, नाहीतर मत बाद. तिथे तुम्ही एकदाही चुकला नव्हतात. मग खऱ्या पत्रिकेवरच कसे चुकलात, असं लोक विचारायचे. त्यांना कोण सांगणार? जन्मभर तुम्ही भांड्यांवर नावं घातलीत. हात बसवायला घेतलेल्या फुटक्या पत्र्यावर तुम्ही कधी श्री काढला नाहीत. पण लग्नाचा हंडा समोर आला, गिऱ्हाईकाचं खरं भांडं हातात आलं, की आधी श्री आणि मग नाव. नमुना म्हणजे पत्रा. मतपत्रिका म्हणजे भांडं! मला हे एवढं सरळ दिसतं. दुसऱ्या कोणाला का दिसू नये?

मोजणीत आपला उमेदवार थोडक्यात पडला आणि आपल्या लोकांतलं एक मत बाद निघालं. पक्षाच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. संशय कोणावर? तर बिचाऱ्या संगीताबाईवर. गंगेवर, गोदेच्या घाटावर पालेभाजी विकणारी बाई, पहिल्यांदाच निवडून आलेली. दिगंबर, तो आपल्या वॉर्डातला कार्यकर्ता, तिच्या तोंडावर म्हणाला, "बाई, जुडी केवढ्याला दिली?" ती पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि तुम्ही उभे राहिलात. "त्यांना बोलू नका. बाद झालेलं मत माझं असणार. माझ्या हातून वर श्री पडला."

मत गुप्त होतं हो! कोणाला कधीच कळलं नसतं. घरी येऊन मला सांगितलं असतं, देवाला सांगितलं असतं, संपलं असतं. पण संगीताबाई रडतेय म्हणून तुम्ही बोललात. हे मी तुम्हाला माफ करू की त्यासाठी पाया पडू, इतकी वर्षं झाली तरी ठरत नाही.

दिगंबर म्हणाला, "वा नाना! खूण भारी शोधलीत!" सगळे हसले. समोरच्या उमेदवाराशी तुमचं ठरलं होतं, मत बाद करायचं आणि ते तुमचंच हे त्याला कळावं म्हणून वर श्री काढायचा, असं एका मिनिटात पक्कं झालं. तुम्हीच मला सांगितलं होतं, सगळ्यात मोठ्यांदा हसले ते दोघे-तिघे सहलीतही रात्री बाहेर जाऊन येत होते. त्यांची मतं बाद झाली नाहीत. ती नीट, स्वच्छ दुसऱ्याच्या पेटीत गेली. त्यांची नावं कोणी शोधली नाहीत. एक नाव आयतं मिळालं होतं ना!

आणि ते पैसे गेले कुठे, हे मला एकानेही विचारलं नाही. या घरात काडेपेटी आली तरी ती मला ठाऊक असते. पण बायकोची साक्ष कोण धरतो?

पुढे एकदा एक मुलगा दुकानात कळशी घेऊन आला आणि हसत म्हणाला, "नाना, श्री नको हां, बाद होईल." तुम्ही मशीन थांबवलंत. त्या दिवसापासून भांड्यावर फक्त नाव घालायला लागलात. मला वाटतं, तुम्ही गेलात ते तेव्हाच. डॉक्टरांनी साखर, रक्तदाब काय लिहायचं ते नंतर लिहिलं.

काल सकाळी दिगंबरच स्वातीला न्यायला आला होता. केस पिकलेत त्याचे. दारातून म्हणाला, "वहिनी, फोन बसमध्ये चढतानाच द्यायचा. आणि काहीही करा, पण श्री मारू नका!" बोलून गेला आणि मग त्याची नजर तुमच्या फोटोवर गेली. "चला चला, उशीर होतोय," म्हणत जिना उतरला.

स्वाती हसत होती. मी विचारलं, "श्री मारणं म्हणजे काय गं?"

"अहो आई, म्हणजे पैसे घेऊन मत बाद करायचं. फितुरी. सगळे म्हणतात तसं."

"आणि हा शब्द आला कुठून?"

"काय माहीत! जुना असेल, राजकारणातला."

तिच्या मागे महेश उभा होता. त्याने मला मानेनेच 'नको' म्हटलं. त्याने तिला काही सांगितलेलंच नाही हो! तिने तुमच्या फोटोला वाकून नमस्कार केला, बॅग उचलली आणि गेली.

निदान तुमचं नाव घेऊन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. भांडता आलं असतं. आता नावही गळून पडलं. उरला तो शब्द. तुम्ही ज्या अक्षराने दिवस सुरू करायचात, ते या शहरात विकाऊ माणसाचं नाव झालं आहे, आणि बोलणाऱ्याच्या मनात काही वाईटही नसतं. कोणाशी भांडू?

जाण्याआधी स्वातीने माळ्यावरची पितळी भांडी गोणीत भरून ठेवली आहेत, मोडीत घालायला. "आई, घासून तुमचेच हात दुखतात," म्हणते. खोटं नाही. पोरगी वाईट नाही. पण त्या प्रत्येक भांड्यावर तुमच्या हातचा श्री आहे. ती भट्टीत गेली की तो श्री काय होता, हे सांगणारं उरलं कोण? मी. आणि माझं सौ. गेल्यापासून रेशनच्या दुकानात, बँकेत सगळे माझ्या नावामागे श्रीमती लिहितात. तुमचा श्री असा माझ्यापाशी येऊन राहिला आहे. तो काही कोणाला बाद करता येत नाही. पण मी तरी किती दिवस आहे?

गोणी मी सोडली आहे. तांब्या, कळशी, लग्नातला हंडा परत फळीवर मांडला. वचन देते, माझ्या डोळ्यांदेखत यातलं एकही मोडीत जाणार नाही. आणि स्वाती परत आली की महेशने कितीही मान हलवली तरी तो तांब्या तिच्या हातात देईन, त्या अक्षरावरून तिचं बोट फिरवीन आणि हा शब्द कोणाच्या हातचा, ते तिला सांगेन. विश्वास ठेवेल, असं मला वाटत नाही. तरी सांगेन.

तुमची,
श्रीमती कुसुम