पहिल्या टेपचं टोक

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या पत्रात तू लिहिलं नव्हतंस. लिहावं, कारण दोन्हींची कारणं वेगळी असतात. भावोजींचा खोकला आणि शिलाई मशीनचा पट्टा, दोन्ही धड असतील असं धरून चालतो. मी ठीक आहे, म्हणजे तब्येतीने.

तुला माहीतच आहे, गेली बारा वर्षं मी धक्क्यावर मासे मोजतो. (भावोजी लोकांना मेहुणा मासळी बाजारात असतो म्हणून सांगतात. मी संशोधन केंद्रात असतो. बाजार भिंतीपलीकडे आहे.) मासा लाकडी फळीवर आडवा ठेवायचा, तोंड ठोकळ्याला टेकवायचं, शेपटीपाशी आकडा वाचायचा. फळी मी स्वतः केली. कोणत्याही कॉलेजात हे शिकवत नाहीत, आणि शिकवलं असतं तर मी त्यांच्या चुका काढल्या असत्या. मोजपट्टी म्हणून तुझी शिवणाची टेप चिकटवली. ती सहा वर्षांत झिजली, तेव्हा तुला परत केली आणि तुझी दुसरी जुनी टेप आणून लावली.

यंदा तीन संस्थांचे तीन शास्त्रज्ञ मिळून हा समुद्र अभ्यासायला आले. एक पाण्याच्या बाई, एक शेवाळाचे गृहस्थ आणि एक माशांचे डॉक्टर (माणसांचे नव्हेत, तरी आमचा शिपाई त्यांना आपली दुखरी पाठ दाखवून आला). त्यांच्याबरोबर पोलादी फळी आली. माझी कोपऱ्यात गेली. मी काही बोललो नाही, फक्त आठ दिवस त्यांच्याबरोबर चहा घेतला नाही.

चार हजार मासे मोजून झाले आणि एकच गोष्ट निघाली : सगळे मासे गेल्या वर्षापेक्षा एक सेंटीमीटरने आखूड. लहान असो, मोठा असो, एकच सेंटीमीटर. पाण्याच्या बाई म्हणाल्या, पाणी तापलंय. गृहस्थ म्हणाले, शेवाळ कमी, म्हणून खाणं कमी. डॉक्टर म्हणाले, जाळ्यांनी मोठे मासे संपवले. तिघांनी एकमेकांना पुरावे दिले, एकमेकांचे पुरावे कौतुकाने वाचले, आणि होड्या वर्षातून दोनऐवजी चार महिने बांधून ठेवाव्यात असा अहवाल लिहिला. धक्क्यावरच्या माणसांनी तो ऐकला आणि जाळी विणता विणता हात थांबवले. ते मला बघवलं नाही.

म्हणून मी माझी फळी काढली आणि एकच मासा दोन्हींवर ठेवला. पोलादावर तेवीस, माझ्या फळीवर चोवीस. टेपचं सुरुवातीचं टोक मी पितळी पट्टीखाली दाबलं होतं. ती पट्टी काढली. ताई, खाली पहिला सेंटीमीटरच नव्हता. टेप ठोकळ्यापासून सुरू होत होती ती एकपासून, आणि एक सेंटीमीटर पुढे थेट दोन. टेपच्या टोकाची पत्र्याची टोपी निघाली की तू ते टोक कापतेस, हे मला ठाऊक होतं. चिकटवताना मी शेवटचं टोक तीनदा तपासलं होतं. सुरुवातीचं एकदाही नाही.

तुझ्या कपड्यांचं काही बिघडलं नाही, कारण माणूस आणि कापड दोन्ही तू त्याच टेपने मोजलंस. माझेही मासे एकमेकांत बरोबर होते. घोळ झाला तो पाहुण्यांची फळी आल्यावर.

सभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मग डॉक्टरांनी अहवाल फाडला, बाईंनी मला चहा दिला, आणि मी तो घेतला. मासे आखूड झालेले नाहीत, एवढं ठरलं. तुझ्या आशीर्वादाने मान ताठ आहे. भावोजींना नमस्कार, आणि यातलं काहीही सांगू नये.

तुझा,
धाकटा

ता. क. बाईंनी चहानंतर एक प्रश्न विचारला. सातव्या वर्षी मासे एक सेंटीमीटरने वाढले अशी माझी नोंद आहे. त्या नोंदीवरूनच दोन महिन्यांच्या बंदीचा फायदा होतो असं ठरलं, बंदी कायम झाली, आणि मला प्रशस्तिपत्र मिळालं. (ते मी भिंतीवरून उतरवलंय. खिळा आहे.) पण टेप मी त्याच वर्षी बदलली होती. आता सगळं तुझ्या बटणांच्या डब्यातल्या पहिल्या टेपवर आहे. तिचंही टोक कापलेलं असेल, तर वाढ खरी. ती अख्खी असेल, तर मासे कधी वाढलेच नाहीत आणि होड्या सहा वर्षं उगाच बांधल्या. मंडळी आठवडाभर थांबणार आहेत, माझ्या शब्दावर. टेप आहे तशी पाठव.

ता. क. २. डबा उघडण्याआधी कात्री भावोजींकडे दे. माझं दुसरं पत्र आलं आणि त्यात काही वेगळं सांगितलेलं असलं, तर ते वाचू नकोस.