तोंड रिकामं काढलेला लांडगा

उलानबातर,
१२ नोव्हेंबर १९८६

चि. सेवजिद हिस अ. उ. आ.

तुझं पत्र एप्रिलमध्ये आलं आणि उत्तर आज लिहिते आहे, याची आधी माफी मागते. शाळेत चित्रकलेचे तीन वर्ग आहेत, हे खरं. पण कारण ते नव्हे.

तू लिहिलंस की कोकरांच्या दिवसांत तो ओढ्यापलीकडे उभा होता. डावा कान फाटलेला, पुढचा पाय उचललेला, तोंडात आपलंच कोकरू. आणि तू ओरडायचं विसरून बघत राहिलीस. बाबांना कळलं तर घरात बंदूक असताना बघत काय बसलीस म्हणून फाडून खातील, तेव्हा हे फक्त तुला सांगते आहे, असंही लिहिलंस.

मी वीस वर्षं लांडग्यांची चित्रं काढते, संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या लांडग्यासमोर बसून. त्याचे डोळे काचेचे आहेत, आणि एक दुसऱ्यापेक्षा मोठा. आपण मंगोल निळ्या लांडग्याची लेकरं, असं वर्गात मुलांना सांगते. ज्याचं नशीब त्याच्या तोडीचं त्यालाच तो दिसतो, या समजुतीला मात्र हसते. तरी तुझं पत्र वाचून त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. जिला साधी शेळी काढता येत नाही तिला दिसावा, हे मनात आलं. आलं ते लिहिते.

एक नवं चित्र केलं आहे. प्रदर्शनात लागलं आहे. त्याविषयी पुढे कधीतरी.

बाबांचा गुडघा कसा आहे? रागावली असलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई


तारियात,
४ डिसेंबर

ती. नार्मंदाखताईस शि. सा. न. वि. वि.

बाबांचा गुडघा बरा, जीभ त्याहून बरी. थंडी एवढी की गोठलेलं दूध पोत्यात भरून ठेवतोय.

कधीतरी कशाला, तुझं चित्र तुझ्या पत्राच्या आधीच पोचलं. पशुवैद्याने वर्तमानपत्र आणलं, त्यात चित्राचा फोटो. बाबांनी चार पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचलं की हे दृश्य चित्रकार बाईंनी लहानपणी तारियातमध्ये स्वतः पाहिलं. माझ्या हातातली चहाची पळी तशीच राहिली. फाटका कान, उचललेला पाय! बाबा म्हणाले की पोरीने पस्तीस वर्षं पोटात ठेवलं, ह्याला म्हणतात माणूस; नाहीतर आमची धाकटी, हिला शिंक आली तरी तीन घरांना कळते. पाहुणे हसले. मीही हसले. काय करणार?

खरं सांगितलं असतं तर कोकराचं निघालं असतं. पण ताई, मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. तुला शहर मिळालं, कॉलेज मिळालं, माझ्याकडे ती एक सकाळ होती.

आणि कोकरू कुठे गेलं गं? तोंड रिकामं काढलंयस. तुझा तो उपाशीच राहिला. (त्याचं नाव मी लिहीत नाही, मेंढ्या आहेत घरात.) त्याने कोकराला मानेला धरलं होतं. मागचे पाय लोंबत होते, त्यातला एक हलत होता. तेवढं सोडून बाकी सगळं घेतलंस.

सोबतच्या अरूलच्या पिशवीत, वाळल्या दह्याच्या वड्यांखाली, निळ्या रेशमात शिवलेलं काय आहे ते तुला कळेलच. मुलगा नाही म्हणून बाबांनी ते त्याच्या घोट्याचं, ताईताचं हाड स्वतःच्या कमरेलाच ठेवलं होतं; जिला तो, आभाळाचा कुत्रा, दिसेल तिचं, हे त्यांचं बोलणं तुला ठाऊक आहे. परवा सोडून माझ्या हाती दिलं. म्हणाले की थोरलीला पाठव, नीट शिवून. मी नीट शिवलं.

मोठ्या मनाने माझ्यावर माया ठेव.

सेवजिद


उलानबातर,
१५ डिसेंबर

चि. सेवजिद हिस अ. उ. आ.

हाड पोचलं. मी ते एक दिवस कमरेला बांधून शाळेत गेले, हे तुला कळायला हवं. शिक्षकांच्या खोलीत दोघींना दाखवलंसुद्धा.

वार्ताहराने विचारलं होतं की असा कुठे पाहिलात. मी म्हटलं, तारियातमध्ये, आमच्या ओढ्यापलीकडे. लहानपणीचं त्याने स्वतःच्या मनाने घातलं आणि मी ते खोडलं नाही. मी खोटा शब्द उच्चारला नाही, असं मी स्वतःला आठवडाभर समजावत होते. इतकं समजावावं लागलं, यातच उत्तर होतं.

आज वर्तमानपत्राला खुलाशाचं पत्र टाकलं. सोबत बाबांसाठी कागद आहे. त्यात एवढंच आहे की मी कधीच पाहिला नाही. कोणी पाहिला, ते मी लिहिलेलं नाही. कोकराचं गुपित तुझं आहे. फोडायचं की नाही ते तू ठरव. पण बाबा बोलतील त्या वेळी रिकाम्या हाताने उभी राहू नकोस, म्हणून हाड याच पाकिटात आहे. तुझी शिवण उसवली नाही. परत पाठवताना हात अडतो, तेही लिहून ठेवते.

कोकरू मी का काढलं नाही, याचा विचार केला. लांडगा थोर दिसायला हवा होता. ज्याने तुझं कोकरू नेलं तो मला नकोच होता. मला हवं होतं तुझं नशीब, तुझं नुकसान वगळून.

माझ्यावर माया ठेव असं या वेळी मागत नाही. उरली असेल तर कळव.

उद्याचं काम एकच: रंगांचा डबा घेऊन प्रदर्शनात जायचं आणि त्याच्या तोंडात कोकरू काढायचं, मागचा एक पाय हलता.

नार्मंदाख