नऊ नंबरच्या टाकीतला चाप

४ सप्टेंबर
केस कुरळे करून घेतले! चेंगदूला बैठकीला गेले आणि हे करून आले. वय त्रेपन्न. पठारावरच्या आमच्या वेधशाळेत पोचते तोच जामयांग – आमचा टाक्यांचा मुकादम – म्हणाला, "बाई, याक बुजतील हं!"

६ सप्टेंबर
नऊ नंबरची टाकी भरली. झाकण लागलं, वर अडीच मीटर माती पडली. आता आत फक्त म्युऑन पोचणार – अंतराळातला किरण हवेवर आदळला की उडणारा, माती भेदणारा कण. तो पाण्यात चमकतो, आपण चमक मोजायची. म्युऑन अगदीच थोडे दिसले, तर वरून आलेला किरण गॅमा, म्हणजे आम्ही शोधतोय तो. त्यासाठी पाणी वीस वर्षं नितळ राहायला हवं.
झाकण माझ्या डिझाइनचं. एकदा लागलं की उघडायची सोयच नाही! केवढ्या टाळ्या मिळाल्या होत्या त्याला.

७ सप्टेंबर
केसांचा एक चाप सापडत नाही. लोखंडी.
काल पाणी भरण्याआधी शेवटच्या तपासणीला आत उतरले तेव्हा टोपी घातली नव्हती. केस चेपतात ना! गंज धरला की पाणी गढूळ. 'आत वस्तू पडल्यास नाव फलकावर, कामावरून कमी' हा नियम कुणी लिहिला? मीच. लाल अक्षरांत. जूनपासून फलक कोरा आहे म्हणून मिरवणारीही मीच.

८ सप्टेंबर
उशी झटकली. बॅग उलटी केली. नाही.
एका चापाच्या गंजाने पाणी गढूळ व्हायला किती वर्षं लागतील? तोवर मी निवृत्त! जरा बरं वाटलं. मग स्वतःची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

१० सप्टेंबर
नाश्त्याला सगळ्यांसमोर सांगून टाकलं.
प्रकल्पप्रमुख फू सर वाटी आपटून म्हणाले, "ऑक्टोबरात जमीन गोठते! एक टाकी उकरून झाकण कापायला चार दिवस. यान बाई, तुम्हीसुद्धा?"
"उकरा," म्हटलं. "आणि नाव मीच लिहिते."
लिहिलं. अक्षर वाकडं आलं. जामयांग हसलासुद्धा नाही. मला वाटलं, मनातून उतरले.

११ सप्टेंबर
सकाळी दार वाजलं. जामयांग, मागे बरेच जण.
"बाई, तीन नंबरात माझा पाना आहे. जूनपासून."
मग मागचे एकेक नंबर सांगू लागले. भरलेल्या टाक्या एकूण नऊ. त्यातल्या सहा मोजून झाल्या आणि मी उंबऱ्यातच बसले.