तलफ ओसरेपर्यंत

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या मुलीला तू फक्त फोटोतली माहीत आहेस. तरी आज तुलाच लिहितोय. हे दुसऱ्या कुणाला सांगता येईल असं वाटत नाही.

देवपूरच्या वसतिगृहाचं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. पोरींच्या भाकरी थापायला बसण्याआधी तू दारामागे उभी राहून मिसरी लावायचीस. त्याशिवाय हाताला काम सुचत नाही, म्हणायचीस. मी कॉलेजात होतो तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात तुला तंबाखूची पुडी सापडली. मला वाटलं, आता काही खरं नाही. तू पुडी ओट्यावर ठेवलीस, काळं पडलेलं बोट पदराखाली घेतलंस आणि एवढंच म्हणालीस, "माले सुटनी नही रे. तुले तरी सुटू दे." मग दिवसभर माझ्याकडे बघितलं नाहीस.

पुढे तुझ्या गालात गाठ आली. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला, बोलणं गेलं, नाकातल्या नळीतून पेज जायची. एका दुपारी तू बोट उचलून हवेतच दात घासल्यासारखं फिरवलंस. मला कळलं. मी मिसरीची डबी उघडून तुझ्या नाकाशी धरली. तू डोळे मिटून वास घेत राहिलीस आणि कितीतरी दिवसांनी तुझा चेहरा शांत झाला. मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडलो, आणि रडता रडता तंबाखू मळली.

आता मी सावद्याला केळी भरायच्या शेडवर मुकादम आहे. तोंड नीट उघडत नाही. शेवभाजीचा रस्सा जिभेला लागला की आग होते, म्हणून बायको माझ्यापुरतं बिनतिखटाचं वरण वेगळं काढते. मुलीने एकदा जेवताना विचारलं, आजीसारखं होईल का तुम्हाला. मी नाही म्हणालो, आणि त्याच आठवड्यात जळगावच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेलो.

तिथल्या बाई वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत, कधी रागावत नाहीत. तलफ केव्हा येते ते त्यांनी आधी विचारून घेतलं. चहानंतर, गाडी भरताना, कुणाशी वाजलं की. मग म्हणाल्या, चहा घरीच घ्या, मळणाऱ्यांजवळ उभे राहू नका, खिशात बडीशेप ठेवा. आणि तलफ आलीच तर तिच्याशी भांडू नका, नुसती बघत राहा. चढते तशी उतरते. माय, खरंच उतरायची. शेडच्या मागे एकटा उभा राहायचो, जबडा शिवशिवायचा, घाम फुटायचा, आणि मग हळूहळू ओसरायचं. अख्खा हिवाळा मी तसा काढला. बायको पुन्हा माझ्याशी हसून बोलायला लागली होती.

मग एका दुपारी ट्रकच्या ड्रायव्हरने तळहात पुढे केला आणि मी चिमूट उचलली. त्या दिवशी काहीही वाईट घडलं नव्हतं. कुणी टाकून बोललं नव्हतं. नुसता हात गेला. कारण असतं तर बरं झालं असतं, ते टाळता आलं असतं. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की घसरलात तर येऊन सांगा, पुन्हा सुरुवात करू. दोनदा सांगितलं, दोनदा सुरुवात केली. तिसऱ्यांदा घसरलो तेव्हा त्यांनीच विचारलं, बंद आहे ना? मी हो म्हणून मान हलवली.

त्यांना इतका आनंद झाला की नव्या लोकांसमोर त्यांनी मला उभं केलं. मी सगळं सांगितलं, तलफ कशी बघत राहायची, ती कशी ओसरते. तू गेलीस तेव्हा होतीस तेवढ्याच वयाची एक बाई मन लावून ऐकत होती. पुढच्या खेपेला ती मुद्दाम शोधत आली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही सांगितलं तसंच करते. सुटली माझी." मी हात जोडले. बाहेर पडलो आणि स्टँडवर पोचायच्या आत पुडी फोडली.

उद्या पुन्हा बोलावलंय. मी जाणार आणि तेच सांगणार. ऐकणाऱ्यांना बळ येतं, अशी मी माझी समजूत घातली आहे. पण तसं नाही. तिथे खरं बोलायची मला लाज वाटते, एवढंच. बंद नाही माय, आणि होईल असं आता वाटतही नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तरी लिहिता आलं.