जाधव सरांची चूक

शनिवार संध्याकाळ, सणसवाडी

आज छाती फुगली आहे. स्वतःपाशी तरी कशाला नाकारू?

दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सगळे शिक्षक चहाबरोबर आठवड्यातली आपापली एक चूक सांगतो. ही रीत जाधव सरांची. त्यांनी सांगितलेली पहिली चूक म्हणजे, बिहारहून आलेला मुलगा मराठीत बोलेना म्हणून सरांनी त्याला खालच्या वर्गात बसवलं होतं. पुढं सर दौंडला बदलून गेले. वाटलं, संपली रीत. पण चहा चालू राहिला, आणि नव्या शिक्षकाला आम्ही आधी जाधव सरांचीच चूक ऐकवतो.

आज तशीच एक मुलगी चौथीत प्रवेशाला आली. तोंडातून मराठीचा शब्द नाही. मी, ती गोष्ट वर्षानुवर्षं ऐकलेला, "तिसरीत बसवू" म्हणालोच. तर नव्या सोनवणे बाई म्हणाल्या, "थांबा सर, जाधव सरांची चूक होईल." त्यांनी फळ्यावर भागाकार मांडला. पोरीनं तो सोडवला आणि ती चौथीत जाऊन बसली.

बाईंनी जाधव सरांना कधी पाहिलेलंही नाही. वेद असेच टिकले असणार. फक्त ऋषींना चहा नव्हता.

न राहवून सरांना फोन केला. म्हणाले, "म्हंजी मी हिकडं आलो, आन् माझी चूक अजून तिथंच नोकरीला हाय व्हय?"

"कायम झाली, सर," म्हटलं. "तिची बदली आम्ही होऊ देणार नाही."