काळं कापड

४ मार्च
सूनबाईनं आज स्वतःसाठी पुन्हा काळीच पँट बेतली! हल्ली तिला दुसरा रंगच दिसत नाही. मी थट्टा केली — "काय गं, कोळशाच्या वखारीत नोकरी धरलीस की काय?" हसली. पण ते हसू कच्च्या टाक्याचं होतं.

५ मार्च
आमचं शिवणाचं दुकान झाडताना तिच्या मशीनपुढची खुर्ची उचलली. गादीवर प्लास्टिक, त्यावर काळा अभ्रा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! समोर बसवून विचारलं. मग रडतरडत — "आई, वर्ष होत आलं. पाळी येत नाही तर महिनोन्‌महिने येत नाही, आली की थांबायचं नाव नाही. धो धो जातं अंगावरून."
कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं म्हणे — "चौतिशीत कुठे काय होतं!" आणि ही खुळी अंगावर काढत राहिली.

७ मार्च
लेक येऊन गेली. वहिनीचं ऐकून हात उडवले — "आई, तू म्हणजे राईचा पर्वत! आमच्या ऑफिसात निम्म्या बायकांचं हेच. टेन्शन, दुसरं काय!" इतकं ठणकावून बोलली की मलाही घटकाभर पटलं. पण संध्याकाळी मोठ्या दवाखान्यात नंबर लावलाच.

१० मार्च
मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाळीचा घोळ, वजन, साखर, माहेरी कुणाला काही झालं होतं का — सगळं नीट विचारलं. सोनोग्राफी पाहून म्हणाल्या, "गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय. बहुतेकदा साधंच निघतं. पण वय कमी म्हणून कॅन्सर नसेलच, असं मी म्हणणार नाही. आतला तुकडा घेऊन तपासू."
मुलानं तिथेच तपासणीचा फॉर्म भरायला घेतला. सूनबाईनं एवढंच विचारलं — "मला मूल होईल ना?"
बाई म्हणाल्या, "आधी रिपोर्ट येऊ दे."

१३ मार्च
रिपोर्ट नाही. आज एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या! उसवत बसले.

१७ मार्च
कॅन्सर नाही!! पण पेशी बिघडायला लागल्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात. असंच सोडलं असतं तर पुढे कॅन्सर व्हायची भीती होती." आता हार्मोनच्या गोळ्या, मग पुन्हा तुकडा तपासायचा. पिशवी काढायची नाही. मूल व्हायची आशाही शाबूत राहिली.
जीव भांड्यात पडला. घरी आल्या आल्या सूनबाईनं कपाटातून पिवळं कापड काढलं. "आई, गोळ्या लागू पडल्या की ह्याची पँट." म्हटलं, "शिव बाई, अगदी सूर्यफूल दिसशील!"

१९ मार्च
लेक आली, पँट शिवून हवी म्हणाली. मापं घेतली. मी खुशीत — फिकट निळं कापड तिच्यापुढे पसरलं. तिनं ते हळूच बाजूला सारलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, काळंच शिव."