सतरा नंबरची हजेरी

सोमवार, १५ सप्टेंबर

आवाज! पहिलं नाव पुकारलं आणि शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे. कळमन्याच्या फळबाजारात अकरा वर्षं लिलावाचा हर्रास पुकारला, गळ्याला दुसरी पट्टीच माहीत नाही. दुसरीची पोरं खूश. चारुशीला मॅडम (यांच्याच हाताखाली मला शिकवायला शिकायचं आहे) चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "जितेंद्र, इथे संत्री विकायची नाहीत."

वय एकतीस, हुद्दा छात्राध्यापक. बारावी बाहेरून बसून केली, मग डी.एल.एड.ला नाव घातलं, आणि आज प्रत्यक्ष शाळेतला पहिला दिवस. निघताना बाजारातल्या माझ्या अडत्याचा, ताराचंद सेठचा फोन. "जा, पाहून ये. आठ दिवस तुझी जागा ठेवतो गा. नाव नाही कापत." मीही म्हटलं, कापू नका. उगाच कशाला? मास्तरकी जमते की नाही, कोणाला ठाऊक.

मॅडमनी हजेरीपट दिला आणि दोन पेनं. निळ्यानं हजर, लालनं गैरहजर. स्वतः खिडकीशी वह्या तपासत बसल्या.

पोरं सवयीनं "हजर मॅडम" म्हणत होती. मी मॅडम झालो, हरकत नाही. नऊ नंबर मयुरा, नाक पार चोंदलेलं: "हजर बॅडब." पुढे सतरा नंबर, गुंजन. बारीक गोड आवाज: "हजर बॅडब."

आवाज दुसरा, नाक तेच! हर्रासात एकच व्यापारी दोन तोंडांनी बोली लावायचा, तेव्हाही माझे कान असेच उभे राहायचे. मान वर केली. मयुराच्या शेजारची जागा रिकामी, तिथं तिनं आपलं दप्तर ठेवलेलं. सगळे डोळे माझ्या पेनावर.

मागचे रकाने पाहिले. सतरासमोर निळंच निळं, मॅडमच्या हातचं. लाल लावलं तर मॅडम खोट्या पडतात. निळं लावलं तर मास्तरकीची सुरुवातच खोट्यानं. सतराचं घर रिकामं सोडलं.

खिचडीच्या सुट्टीत मयुराजवळ जाऊन बसलो. गुंजन गेल्या महिन्यात तान्ह्या पोळ्याला आजोळी गेली, काटोलकडे. तिथं तिच्या आईला बाळ झालं, म्हणून अजून आली नाही. मयुरा खिचडीतले वाटाणे बाजूला काढत हे सगळं सांगत होती.

"मग तू काहून बोलते वं तिच्या नावानं?"

"मॅडमनं म्हटलं होतं ना, जो लय दिवस येत नाही त्याचं नाव कटन." मग वाटाणे सोडून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगसान काय?"

अडत्यांना घुमवणारा मी, सात वर्षांच्या पोरीपुढे तिचे वाटाणे मोजत बसलो.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सतरा पुन्हा रिकामा. मॅडमनी पाहिलं. "पेन संपलं का?" दोन्ही पेनं माझ्या खिशाला होती.

बुधवार, १७ सप्टेंबर

सांगून टाकलं. पोरं यायच्या आधी, वर्गात आम्ही दोघंच असताना. गुंजन पोळ्यापासून गावाला आहे, तिच्या नावानं दुसरं कोणीतरी बोलतं, नाव कटण्याची भीती आहे. कोण बोलतं, ते नाही सांगितलं. वाटलं, आता मॅडमकडून मिळायच्या शेऱ्याचं काही खरं नाही.

मॅडमनी हजेरीपट पुढे ओढला. "पस्तीस वर्षं कानांनी हजेरी घेतली मी. मान वर करून बघायला काय झालं होतं मला?" मग लाल पेन घेतलं. एकेक घर दुरुस्त केलं, प्रत्येकाशेजारी सही. हजेरीपट घेऊन स्वतःच मुख्याध्यापकांकडे निघाल्या. दारातून वळल्या.

"तिची सर्दी गेली का रे?"

म्हणजे कान त्यांचेही शाबूत आहेत!

परत आल्यावर पोरांपुढे उभ्या राहून म्हणाल्या की नाव कोणाचंच कापलं जात नाही, आपण तेव्हा उगाच धाक घातला होता, चुकलं. पोरांपुढे चूक कबूल करणारा मोठा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. डी.एल.एड.च्या कोणत्याच पेपरात हे नव्हतं.

मयुराने दप्तर मात्र उचललं नाही. जागा तशीच अडवलेली.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आता सतरा म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात, "गावाले गेली सर!" लाल पेन. कोणालाच वाईट वाटत नाही.

आज हातच्याची बेरीज घेतली. मॅडमनी माझ्या पाठाच्या वहीत शेरा दिला: 'आवाज आता वर्गाच्या मापाचा झाला.' घरी येऊन दोनदा वाचला. बरं, चारदा.

सोमवार, २२ सप्टेंबर

गुंजन आली. दप्तर खाली, गुंजन बाकावर. मी सतरा म्हटलं आणि दोन आवाज आले, दोन्ही "हजर सर". मयुराने जीभ चावली. मॅडम खिडकीकडे तोंड करून हसल्या. निळं पेन!

शाळा सुटल्यावर ताराचंद सेठला फोन लावला. म्हणाले, जागा अजून आहे गा.

म्हटलं, "सेठ, माझं नाव कापा."